१/७२ चं ह्यूई : आतून बाहेर रंगवायचं हेलिकॉप्टर

विमानांची प्लॅस्टिक मॉडेल किटं रंगवण्यात हात बसलेला माणूस पहिल्यांदा हेलिकॉप्टर हातात घेतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याचा कामाचा क्रम चुकतो. लढाऊ विमानात कॉकपिट टीचभर असतं. ते रंगवलं, दोन बाजू चिकटवल्या की उरलेलं सगळं लक्ष बाहेरच्या पत्र्यावर. हेलिकॉप्टरमध्ये निम्मं नाक काचेचं असतं, दारं सताड उघडी असतात, आतली जमीन, छत, आसनं सगळं बाहेरून दिसतं आणि डोक्यावर हातभर पाती. बाहेरचा रंग कितीही सुरेख बसला तरी काच धुरकट झाली किंवा आत कोरं प्लॅस्टिक दिसलं, की मॉडेल खेळण्यातलं वाटायला लागतं. त्यामुळे इथे काम आतून बाहेर जातं, आणि काच मधोमध उभी असते : तिच्या आधीचं काम नंतर करता येत नाही, आणि नंतरचं काम तिला धक्का न लावता करावं लागतं.

उदाहरणासाठी बेल कंपनीचं यूएच-१, म्हणजे ह्यूई घेऊ. माप १/७२, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, काळ व्हिएतनाम युद्धाचा. या युद्धात अमेरिकेची सात हजारांच्या आसपास ह्यूई वापरली गेली, त्यामुळे फोटोंचा तुटवडा नाही. रंग जवळजवळ एकच असल्यामुळे नवशिक्याला कॅमोफ्लाजच्या भानगडीत न पडता बाकीची कौशल्यं शिकता येतात. इटालेरी, रेव्हेल, हॉबीबॉस या कंपन्यांनी या मापात वेगवेगळी ह्यूई काढली आहेत.

आधी फोटो, मग किट

खोक्यावरच्या चित्रावर विसंबू नका. एकाच ह्यूईचा, एका वेळचा एक चांगला फोटो निवडा आणि तोच समोर ठेवून काम करा. चार फोटोंतून चार गोष्टी उचलल्या की असं यंत्र तयार होतं, जे प्रत्यक्षात कधीच उडालं नव्हतं.

ह्यूईचे दोन मुख्य देह आहेत. यूएच-१बी आणि सी आखूड, तर यूएच-१डी आणि एच लांब. सगळ्यात सोपी खूण सरकत्या दाराची : आखूड देहाच्या दाराला एक खिडकी, लांब देहाच्या दाराला दोन. डी आणि एच यांच्यातला मोठा फरक इंजिनाच्या ताकदीचा असल्यामुळे बाहेरून ते फारसे वेगळे दिसत नाहीत. हवेचा वेग मोजणारी पिटो नळी मात्र बघा. डी वर ती साधारणपणे नाकावर असते आणि एच वर छतावर. किटमध्ये दोन्ही जागी खुणा असतील तर एक भोक बुजवावं लागतं, आणि ते रंगाआधीच सुचलेलं बरं.

पट्टी घेऊन एक माप तपासा. डी आणि एच यांच्या मुख्य रोटरचा, म्हणजे फिरत्या पात्यांच्या जोडीचा व्यास ४८ फूट म्हणजे १४.६३ मीटर, १/७२ मध्ये २०३ मिलिमीटर. बी चा ४४ फूट, म्हणजे १८६ मिलिमीटर. पात्याची रुंदी २१ इंच, म्हणजे मॉडेलवर साडेसात मिलिमीटरच्या किंचित आत. जुन्या साच्यांमध्ये पाती कधी कधी जाड आणि बोथट असतात. हे आधी कळलं तर घासून बारीक करायला वेळ मिळतो.

सामान

यादी लांबवत नाही. ०.३ मिलिमीटर नोझलचा एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन), बारीक टोकाचे दोन ब्रश, स्प्रू (किटचे भाग जिला जोडलेले येतात ती प्लॅस्टिकची चौकट) कापायचा कटर, नवं ब्लेड, ४०० पासून २००० पर्यंतचे पाण्याचे पेपर, बारीक मास्किंग टेप आणि टोकदार चिमटा एवढ्यात काम होतं. एअरब्रश नसेल तर मॅट रंग पातळ हातांनी ब्रशने देता येतो, एकरंगी ह्यूईवर तो शोभतोसुद्धा. लॅकर जातीचे रंग किंवा थिनर वापरणार असाल तर कार्बन फिल्टरचा मास्क हवाच. नाकाला रुमाल बांधून त्याची वाफ थांबत नाही. खिडकी उघडी आणि घरातली लहान मुलं दुसऱ्या खोलीत.

पावसाळ्याबद्दल एक. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर लॅकर फवारला की पृष्ठभागावर पांढुरकी झाक येऊ शकते, कारण थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतला ओलावा त्यावर बसतो. सावकाश सुकणारा लेव्हलिंग थिनर वापरा, किंवा एसी लावून खोली कोरडी करून घ्या. मुसळधार पावसाच्या दिवशी आसनांचे पट्टे कापत बसणं उत्तम.

आतलं घर

स्प्रू आधी कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवा आणि वाळवा. साच्यातून सुटण्यासाठी लावलेलं तेल राहिलं तर रंग टेपबरोबर निघून येतो. मग देहाच्या दोन बाजू, जमीन आणि छत टेपने नुसतं जोडून बघा. दारं कशी ठेवायची याचा निर्णय याच क्षणी घ्या, पुढचं सगळं त्यावर ठरतं. व्हिएतनाममध्ये सैनिक वाहून नेणारी ह्यूई बहुधा दारं मागे सरकवून किंवा पूर्ण काढूनच उडायची, म्हणून दारं उघडी ठेवणं इतिहासाला धरून आहे. फक्त मग आतल्या कामात पळवाट राहत नाही.

आतला रंग गडद राखाडी, अमेरिकी रंगसूचीतला एफएस ३६२३१. मिस्टर हॉबीच्या रंगांमध्ये हा एच ३१७ या क्रमांकाने मिळतो. त्या सूचीतला पहिला आकडा चकाकी सांगतो : १ म्हणजे चकचकीत, २ अर्धचकाकी, ३ मॅट. दुसरा आकडा रंगाचं कुळ : ४ हिरवं, ६ राखाडी. एवढं लक्षात ठेवलं तर दुसऱ्या कंपनीचा रंग घेतानाही फसगत होत नाही. १/७२ च्या बंदिस्त जागेत हा राखाडी फार काळपट दिसतो. त्यात थोडा फिकट राखाडी मिसळून एक छटा उजळ करा, नाहीतर एवढ्या मेहनतीने रंगवलेलं आत काही दिसणारच नाही.

उपकरणांचा फलक मॅट काळा. किटमधलं डीकल (पाण्यात भिजवून लावायचं छापील चित्र) त्यावर बसवा, किंवा कोरलेल्या डायलांवर फिकट राखाडीचा जवळजवळ कोरडा ब्रश फिरवा. शेवटी प्रत्येक डायलवर चकचकीत वार्निशचा सुईच्या टोकाएवढा थेंब ठेवा, लांबून तो काचेसारखा चमकतो. फलकाच्या वरचा पुढे आलेला छज्जासुद्धा मॅट काळाच. तो समोरच्या काचेतून सगळ्यात आधी दिसतो, तरी सर्रास विसरला जातो.

आसनांचे पट्टे किटमध्ये बहुधा नसतात. खरा पट्टा सुमारे दोन इंच रुंद, म्हणजे आपल्या मापात ०.७ मिलिमीटर. मास्किंग टेप काचेवर चिकटवून नव्या ब्लेडने एवढ्याच पट्ट्या कापा, फिकट खाकी रंगवा आणि आसनावर सैल, थोड्या वाकड्या पडू द्या. ताणून सरळ बसवलेला पट्टा खोटा वाटतो. बकलच्या जागी चंदेरी रंगाचा एक ठिपका पुरे. फोटो-एच्ड, म्हणजे रसायनाने कोरलेले पितळी संच मिळतात आणि सुंदर असतात, पण पहिल्या हेलिकॉप्टरला त्यावर पैसे घालू नका. टेपचे पट्टे रंगवल्यावर वीतभर अंतरावरून फरक कळत नाही.

डी-एच वर केबिनच्या मागच्या भागात मधोमध गिअरबॉक्सचा चौकोनी खोका पुढे आलेला असतो, आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या खोबणीत क्रू चीफ (यंत्राची देखभाल बघणारा सैनिक) आणि गनर बाहेर तोंड करून बसतात. त्या भिंतींवर आवाज अडवणारी, चौकटीचौकटींनी शिवलेली जाड राखाडी गोधडी असते. चॉकलेटची पातळ चांदी घ्या, उलट्या बाजूने बोथट सुईने दीड-दोन मिलिमीटर अंतरावर तिरक्या रेघा मारा, मापात कापा आणि फेव्हिकॉलने चिकटवा. रंग देऊन गडद वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला रंग, सोडला की शिवण उठून दिसते. या एका गोष्टीने केबिन जितकी भरल्यासारखी वाटते, तितकी दुसऱ्या कशानेही वाटत नाही.

सैनिकांची कापडी बाकं लढाईत बरेचदा काढून टाकलेली असत. फोटोत नसतील तर किटमध्ये दिली आहेत म्हणून बसवू नका. जमिनीवर मात्र वापर दिसू द्या : दाराच्या काठाशी बुटांनी राखाडी रंग घासून धातू उघडा पडलेला, आणि कोपऱ्यांत धूळ. केबिन बंद झाल्यावर तिथे ब्रश पोचणार नाही, म्हणून आतलं जुनेपण आत्ताच, मॅट वार्निशही आत्ताच.

काच

हेलिकॉप्टरचं मॉडेल इथेच ठरतं, म्हणून घाई करायची असेल तर दुसऱ्या कुठल्याही टप्प्यात करा.

पारदर्शक प्लॅस्टिक ठिसूळ असतं. कटर भागाला टेकवून कापलं की पांढरी चीर आत शिरते आणि ती कधीच जात नाही. स्प्रूचा तुकडा लांब ठेवून कापा आणि उरलेलं बारीक करवतीने किंवा पेपरने हळूहळू काढा. ओरखडा पडलाच तर २००० चा ओला पेपर, त्याहून बारीक काही मिळालं तर तेही, आणि मग टूथपेस्ट किंवा गाड्यांचं पॉलिशिंग कंपाउंड मऊ सुती कापडाने. धुवून वाळवल्यावर काच चकचकीत ॲक्रिलिक वार्निशमध्ये बुडवा, जादा थेंब टिश्यू पेपरच्या कोपऱ्याने टिपा आणि वर डबा पालथा घालून रात्रभर ठेवा. काच अंगठीच्या खड्यासारखी स्वच्छ होते, आणि तो थर पुढे गोंदाच्या वाफेपासूनही थोडंफार संरक्षण देतो.

ह्यूईत वैमानिकांच्या डोक्यावर छताला दोन हिरव्या काचा असतात. त्या निळ्या किंवा पारदर्शक सोडलेली मॉडेलं बरीच दिसतात. टामियाचा पारदर्शक हिरवा एक्स-२५ एक भाग आणि चकचकीत वार्निश एक्स-२२ चार-पाच भाग असं मिश्रण करून आतल्या बाजूने द्या. आधी स्प्रूच्या पारदर्शक तुकड्यावर पाहून घ्या, एका हातात हवी ती छटा येत नाही. दोन पातळ हात द्या, जाड एक नको.

काच चिकटवायला फेव्हिक्विक जातीचा गोंद अजिबात नको. त्याची वाफ काचेच्या आतल्या बाजूला पांढरी भुकटी बसवते, आणि बंद केबिनमधून ती पुसता येत नाही. पांढरा पाण्याचा गोंद, म्हणजे साधा फेव्हिकॉल एमआर, सुकल्यावर पारदर्शक होतो आणि चुकलं तर ओल्या ब्रशने निघतो. पकड थोडी कमी असते, पण काचेला कोण ओढायला जातंय! नाकाखालच्या दोन काचा, ज्यातून वैमानिक पायाखालची जमीन बघतो, त्या देह जोडण्याआधी बसवून बघा. जागा बहुधा किंचित सैल असते, आणि तीच फट फेव्हिकॉलने भरून निघते.

मास्किंगची पद्धत अशी. चौकटीच्या कडेने अर्धा मिलिमीटर रुंद टेपच्या पट्ट्या लावा, कारण बारीक पट्टी वळणाबरोबर वळते, रुंद पट्टी वळत नाही. मधली जागा मोठ्या तुकड्यांनी किंवा द्रव मास्कने (सुकल्यावर सोलून निघतो तो) भरा. टूथपिकच्या टोकाने सगळ्या कडा दाबा. मग चौकटींवर बाहेरून आधी आतला रंग, म्हणजे राखाडी, फवारा आणि तो सुकल्यावरच हिरवा. काचेतून आत बघताना चौकटीची आतली बाजू राखाडी दिसते, आणि बघणाऱ्याला वाटतं आतूनही रंगवलंय. दारांची तोंडं ओल्या टिश्यूने किंवा स्पंजने गच्च भरा. छोट्या फटीतून गेलेला हिरवा धूर आख्ख्या केबिनवर बसतो.

आणखी एक बारकावा. सरकतं दार मागे नेऊन चिकटवणार असाल, तर त्याच्या खिडक्यांतून देहाचा हिरवा पत्रा दिसायला हवा. म्हणून दार वेगळं रंगवा आणि त्यामागचा देह पूर्ण रंगवून, वॉश-वार्निश झाल्यावरच ते बसवा.

हिरवा, पण कोणता

देह जोडून सांधे पुट्टीने भरले, घासले, की राखाडी प्रायमर. शेपटीच्या नळीचा वरचा सांधा सगळ्यात जास्त दगा देतो. गोलाई घासताना तिथला पत्रा चपटा होतो. पेपर बोटावर न धरता मऊ रबरावर धरा.

मुख्य रंग ऑलिव्ह ड्रॅब, एफएस ३४०८७. मिस्टर हॉबीचा एच ३०४ त्याच्याशी जुळतो. टामियाचा एक्स एफ-६२ नावाने ऑलिव्ह ड्रॅबच असला तरी छटा अगदी तीच नाही, मात्र उन्हात विटलेल्या ह्यूईसाठी तो थोडा उजळून चालतो. टामियाचे रंग एअरब्रशमधून जाण्यासाठी निम्म्याहून थोडा जास्त थिनर लागतो. दाब १५ ते २० पीएसआय, अंतर पाच-सहा सेंटिमीटर, हात सतत हलता.

शुद्ध क्रमांकाचा रंग लहान मॉडेलवर नेहमी गडद वाटतो, म्हणून दहा-पंधरा टक्के उजळा. पांढरा मिसळू नका, त्याने ऑलिव्ह दुधाळ आणि निस्तेज होतो. वाळूसारखा पिवळसर रंग मिसळा. पहिला हात झाल्यावर हेच मिश्रण आणखी थोडं उजळून वरच्या पत्र्यांवर, म्हणजे छत, इंजिनाची झाकणं, शेपटीच्या नळीची वरची बाजू यांवर ठिकठिकाणी धूसर फवारा. ऊन वरून पडतं, म्हणून पोट जवळजवळ मूळ रंगाचंच राहू द्या. ह्यूईची दारं आणि झाकणं एका यंत्रावरून दुसऱ्यावर सर्रास चढवली जात. एखादं दार वेगळ्या छटेचं ठेवलं तर एकसुरी हिरव्याला जीव येतो. दोन दारं मात्र नको, एकच.

समोरच्या काचेखालचा नाकाचा वरचा भाग बऱ्याच ह्यूईंवर मॅट काळा असे, वैमानिकाच्या डोळ्यांवर चमक येऊ नये म्हणून. काळा थेट बाटलीतला न देता थोडा राखाडी मिसळून द्या.

डीकल

मॅट रंगावर डीकल थेट लावलं की त्याखाली हवा अडकते आणि कडेने चंदेरी चकाकी दिसते. म्हणून आधी चकचकीत वार्निश. शेपटीवरची युनायटेड स्टेट्स आर्मी ही अक्षरं सुरुवातीच्या काळात पांढरी, नंतर शत्रूच्या नजरेत भरू नये म्हणून काळी झाली. तुमच्या फोटोतलं साल आणि अक्षरांचा रंग जुळतोय ना ते बघून घ्या.

डीकल कोमट पाण्यात भिजवा, जागेवर मायक्रो सेट या डीकल बसवायच्या द्रवाचा थेंब टाकून बसवा, पाणी टिपा, मग वरून मायक्रो सोल, म्हणजे डीकल मऊ करणारं द्रव. सोल लावल्यावर डीकल सुरकुततं. त्या वेळी हात लावला तर ते फाटतं, तसंच राहू द्या, सुकताना आपोआप पत्र्यावर चिकटून बसतं. किट जुनं असेल तर आधी कोपऱ्यातलं बिनकामाचं डीकल पाण्यात टाकून पाहा. तुकडे झाले तर पूर्ण शीटवर चकचकीत वार्निश फवारा आणि प्रत्येक डीकल कडेने कापून घ्या. दमट कपाटात पडून शीट पिवळी झाली असेल, तर काही दिवस खिडकीच्या काचेला आतून चिकटवून ठेवली की उन्हाने पिवळेपणा बराचसा उतरतो.

लाल धूळ आणि काजळी

व्हिएतनामच्या मध्य डोंगराळ भागातली, प्लेकू-आन खेच्या आसपासची माती लाल आहे. रत्नागिरीच्या सड्यावर उन्हाळ्यात गाडी गेली की मागे उठते तीच छटा डोळ्यांसमोर आणा. जमिनीपासून काही फूट वर लटकणारं ह्यूई स्वतःच्याच पात्यांच्या वाऱ्याने ती धूळ उडवून घेतं, म्हणून ती फक्त खालीच बसत नाही. स्किड (चाकांऐवजी असलेल्या खालच्या दोन दांड्या), पोट, केबिनची जमीन, दाराचे कठडे, शेपटीच्या नळीची खालची बाजू, सगळीकडे पातळ थर. पण तुमचा फोटो मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशातल्या भातखाचरांचा असेल, तर ही लाल धूळ विसरा. तिथे करडा चिखल.

क्रम असा. चकचकीत वार्निशवर तैलरंगाचा वॉश : कॅमलिनचा बर्न्ट अंबर आणि थोडा काळा, गंधरहित तारपिनात अगदी पातळ केलेला. पूर्ण मॉडेलवर ओतायचा नाही, बारीक ब्रशने फक्त पत्र्यांच्या सांध्यांत सोडायचा, तो स्वतःच रेघेतून पळतो. अर्ध्या तासाने किंचित ओल्या, जवळजवळ कोरड्या ब्रशने जादा पुसा, बाजूच्या पत्र्यांवर वरून खाली, छतावर पुढून मागे. शुद्ध काळा वॉश ऑलिव्हवर कार्टूनसारखा दिसतो.

इंजिनाच्या धुराड्यामागे शेपटीच्या नळीवर काजळी बसते. दाट काळा पट्टा काढू नका. काळा-तपकिरी मिसळून खूप पातळ केलेला रंग कमी दाबाने, थोडा थोडा फवारा, आणि ‘अजून एकदा’ वाटलं की थांबा. धुराडं स्वतः जळक्या लोखंडाच्या रंगाचं, कडेला किंचित निळसर-तपकिरी. खांद्यावरून डागायच्या स्ट्रेला क्षेपणास्त्रांचा धोका १९७२ मध्ये उभा राहिल्यावर काही ह्यूईंना वर वळलेलं, कमोडसारखं धुराडं बसवलं गेलं. तुमच्या फोटोत ते असेल तर किटमधलं सरळ धुराडं चालणार नाही.

रंगाचे टवके काढताना मापाचं भान ठेवा. मॉडेलवर ०.३ मिलिमीटरचा ठिपका म्हणजे खऱ्या यंत्रावर दोन सेंटिमीटरहून मोठा टवका. १/७२ वर फाटलेल्या स्पंजने टवके उठवणारे लोक मला कळत नाहीत. टोकदार पेन्सिलीने दाराच्या कडा, पाय ठेवायच्या जागा आणि इंजिनाच्या झाकणाच्या खटक्यांवर हलके स्पर्श करा, बास. स्किडच्या तळाला मात्र खरोखर धातू दिसतो, तिथे हात मोकळा सोडा.

मग मॅट वार्निश, आणि त्यानंतर धूळ. सुक्या पेस्टल खडूचे लाल-तपकिरी आणि वाळूरंगाचे तुकडे पेपरवर घासून पूड करा आणि मऊ ब्रशने दाबून लावा. बोटाचा ठसा उमटू नये म्हणून त्यानंतर मॉडेल फक्त शेपटीने धरा.

पाती

ह्यूईची पाती दोन. वरची बाजू ऑलिव्ह, खालची मॅट काळी, टोकं पिवळी. टोकाची पिवळी पट्टी आधी रंगवून झाकावी, कारण ऑलिव्हवर पिवळा चढवायचा म्हणजे चार हात आणि जाड काठ. पिवळ्याखाली पांढरा दिलेला असेल तर एकाच हातात काम होतं. काही ह्यूईंच्या एका पात्याच्या वरच्या बाजूला पांढरा भाग असे, थव्यात वरून उडणाऱ्याला खालचं यंत्र जंगलाच्या हिरव्यात दिसावं म्हणून. फोटो वरून काढलेला असेल तर तपासा.

पात्याची पुढची कड धुळीने घासून चकचकीत होते. पण पुढची कड कोणती? वरून बघताना अमेरिकी हेलिकॉप्टरची पाती घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, फ्रेंच आणि रशियन घड्याळाच्या दिशेने. उलटं बसवलेलं पातं जाणकाराच्या नजरेला दारातूनच टोचतं. कडेला चंदेरी रंग देऊ नका, फक्त पेन्सिलचं शिसं बोटाने चोळा.

दोन पात्यांच्या काटकोनात, टोकाला वजनं असलेली एक आडवी दांडी असते, बेलच्या रोटरची ओळखच. तिचा साचा नेहमी जाड येतो. ती कापून तिच्या जागी बारीक तार आणि टोकाला पांढऱ्या गोंदाचे थेंब, एवढं केलं तरी रोटर हलका दिसतो. शेपटीचा रोटर डी-एच वर डाव्या बाजूला आहे, त्याचा व्यास मॉडेलवर ३६ मिलिमीटर.

पात्यांच्या लवण्याबद्दल. ह्यूईची दोन रुंद पाती उभ्या यंत्रावर थोडीशीच लवतात, पण भारतीय हवाई दलाचं एमआय-१७ केलंत तर गोष्ट वेगळी. त्याची पाच पाती २१.२९ मीटर व्यासाची, मॉडेलवर २९६ मिलिमीटर. जमिनीवर ती स्वतःच्या भाराने चांगलीच वाकतात, आणि किटमधली काठीसारखी सरळ पाती लगेच खोटी वाटतात. कागदावर एक वक्ररेषा काढा, पातं कडकडीत गरम पाण्यात क्षणभर बुडवा, रेषेवर धरून वाकवा आणि गार पाण्यात घाला. उकळत्या पाण्यात घातलं तर वाकण्याऐवजी पिळवटतं. पाचही पाती त्याच रेषेवर बसवा.

एमआय-१७ करणाऱ्यांना अजून एक सल्ला : एमआय-८एमटी नावाचं किट घ्या, कारण एमआय-१७ हे त्याचंच निर्यातीचं नाव. जुन्या एमआय-८ चा शेपटीचा रोटर उजवीकडे असतो, एमआय-१७ चा डावीकडे. फक्त एमआय-८ लिहिलेलं खोकं उचललं तर शेपटी बदलण्यातच पावसाळा जाईल. चेतक करायचं मनात असेल तर तीन पाती, ११.०२ मीटर व्यास, आणि सबंध नाक काचेचा फुगा, म्हणजे वरचा काचेचा भाग दोनदा वाचा.

शेवटची बारीकसारीक कामं

इन्सुलिनच्या सुईची नळी पिटोसाठी उत्तम : ३१ गेजची सुई पाव मिलिमीटर जाड असते. टोचायचं टोक आधी घासून टाका. एरियलसाठी मेणबत्तीवर तापवून ओढलेला स्प्रूचा धागा, वायपरसाठी तांब्याची बारीक तार. दाराजवळच्या एम-६० मशीनगनवर शुद्ध काळा न देता गडद राखाडी द्या आणि वर पेन्सिलचं शिसं. दिशा दाखवणारे दिवे डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवे. खाली चंदेरी ठिपका आणि वर पारदर्शक रंग.

काचेवरचे मास्क आता काढा, त्याआधी नाही. टेपचा कोपरा टूथपिकने उचला आणि सावकाश काचेलगत मागे ओढा, सरळ वर नको. चिकट डाग राहिलाच तर ताज्या टेपच्या तुकड्याने टिपून काढा.

रोटर चिकटवू नका. दांडीला भोकात घट्ट बसेल एवढाच वार्निशचा थर द्या, म्हणजे तो वर उचलून वेगळा ठेवता येतो. २०३ मिलिमीटरचा रोटर लावलेलं मॉडेल लहान खोक्यात मावत नाही, आणि घर बदलताना किंवा प्रदर्शनाला नेताना सगळ्यात आधी मोडतं ते पातंच.